सहीविना खरेदीखत : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

खरेदीखताचा मसुदा वकिलाने तयार केला आहे. मुद्रांक शुल्क भरून चलन दस्ताला जोडले आहे. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मोबदल्याची रक्कम, धनादेशांचे क्रमांक, सगळे जागच्या जागी आहे. पैसे लिहून देणाऱ्याच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या, खात्यात जमा झाले आहेत आणि लिहून घेणाऱ्याने जमिनीचा ताबाही घेतला आहे. शेवटच्या पानावर ‘लिहून घेणार’ या मथळ्याखाली सही आहे. ‘लिहून देणार’ याखालची जागा मात्र कोरी आहे. देणारा आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला, किंवा भाव वाढल्यावर त्याचे मन फिरले, किंवा तो वारला. असा कागद हाती असलेल्याला मिळकतीचा मालक म्हणायचे का? ‘नाही’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तेवढ्याने भागत नाही, कारण घेणारा लगेच विचारतो, मग माझ्या पैशांचे काय? म्हणून आपल्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे दोन्ही बाजू समोरासमोर मांडतो. पूर्वपक्ष घेणाऱ्याचा आहे आणि त्यात दम आहे, म्हणून तो पूर्ण ऐकून घ्यायला हवा. उत्तरपक्ष माझा आहे: देणाऱ्याच्या सहीविना खरेदीखताने मालकी जात नाही आणि जाऊही नये, पण त्या कागदामागचा करार जिवंत असू शकतो, आणि घेणाऱ्याने आपला सगळा जोर त्या करारावर, मुदतीच्या आत, लावला पाहिजे.

पूर्वपक्ष : मग कायद्याच्या शब्दांपासूनच सुरुवात करू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये विक्रीची व्याख्या आहे. मोबदल्याच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण म्हणजे विक्री. मग तो मोबदला दिलेला असो, कबूल केलेला असो, किंवा काही दिलेला आणि काही कबूल केलेला असो. शंभर रुपये किंवा अधिक किमतीची मूर्त स्थावर मिळकत असेल तर हस्तांतरण नोंदणीकृत दस्तानेच होते. एवढेच. या सगळ्या कलमात सहीचे नाव नाही. आता त्याच कायद्याचे कलम ५९ पाहा. गहाणखतावर गहाण ठेवणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. कलम १२३ मध्ये बक्षीसपत्रासाठी देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार सांगितले आहेत. म्हणजे जिथे सही हवी होती तिथे कायदा करणाऱ्यांनी ती लिहिली, आणि विक्रीच्या कलमात लिहिली नाही. नोंदणी राहिली आहे हे मला मान्य आहे, ती करून घेता येईल. पण कायद्याने न घातलेली सहीची अट तुम्ही कोणत्या अधिकाराने घालता?

उत्तरपक्ष : अट मी घालत नाही, ती कायद्यातच आहे, फक्त ती एका कलमात सापडत नाही, तीन कायदे जोडून वाचावे लागतात. आणि ते जोडून वाचा, असे खुद्द १८८२ चा कायदाच सांगतो. त्याच्या कलम ४ नुसार कलम ५४ चा दुसरा आणि तिसरा परिच्छेद नोंदणी अधिनियम, १९०८ ला पूरक म्हणून वाचायचा आहे. आता नोंदणीचा कायदा उघडा. दस्त कोणी सादर करायचा हे कलम ३२ सांगते: दस्त करून देणाऱ्याने किंवा त्या दस्तान्वये हक्क सांगणाऱ्याने. कलम ३४ नुसार दुय्यम निबंधकाने चौकशी करायची ती हीच, की ज्याने दस्त करून दिल्याचे दिसते त्याने तो खरोखर करून दिला का. कलम ३५ म्हणते, त्याने कबूल केले तर नोंदणी करा, नाकारले तर त्याच्यापुरती नोंदणी नाकारा. नोंदणीची सगळी इमारत ‘करून देणे’ म्हणजेच निष्पादन या एका कृतीवर उभी आहे. ही कृती कशी होते, याचे उत्तर मुद्रांकाच्या कायद्यात आहे. भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ आणि आपला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८, दोन्हींच्या व्याख्यांत निष्पादन म्हणजे सही असे म्हटले आहे. कलम ५९ आणि १२३ शी तुम्ही केलेली तुलना मी नाकारत नाही, पण त्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. गहाण आणि बक्षीस यांना सहीखेरीज साक्षांकनाचीही जादा अट आहे. खरेदीखताला साक्षांकनाची सक्ती नाही. ती सूट साक्षीदारांपुरती आहे. करून देणाऱ्याच्या सहीतून सूट तिथे कुणालाच दिलेली नाही, कारण करून देणाराच नसेल तर नोंदवायचे तरी काय?

याहून ठोस पुरावा मुद्रांकाच्या परताव्याच्या तरतुदीत आहे, आणि ती फारशी कुणी वाचत नाही. वाया गेलेल्या मुद्रांकाचे पैसे परत कधी मागता येतात, याची यादी केंद्राच्या कायद्यात कलम ४९ मध्ये आणि महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ४७ मध्ये आहे. ज्याची सही आवश्यक होती तो सही न करताच वारला, किंवा त्याने सही करायला नकार दिला आणि त्यामुळे व्यवहार ठरल्या स्वरूपात पुरा होऊ शकत नाही, अशा दस्ताचा मुद्रांक या यादीत आहे. महत्त्वाच्या पक्षकाराची सही नसल्याने जो दस्त अपुरा आणि त्याच्या हेतूला निरुपयोगी राहिला, त्याचाही आहे. आपण सुरुवातीला ज्या कागदाची कल्पना केली, त्याचेच हे वर्णन आहे. त्या कागदाला कायदा खरेदीखत मानत नाही; तो म्हणतो, हा दस्त पुरा झाला नाही, मुदतीत अर्ज करा आणि मुद्रांकाचे पैसे परत घेऊन जा. सरकार ज्या कागदावरचा करही ठेवून घेत नाही, त्या कागदाने मालकी गेली असे कसे म्हणायचे?

पूर्वपक्ष : कागदाचे राहू द्या, व्यवहाराकडे पाहा. विक्रीचा गाभा म्हणजे पैसे आणि ताबा. घेणाऱ्याने ठरलेली पूर्ण रक्कम दिली. बँकेचा उतारा खोटे बोलत नाही. देणाऱ्याने रक्कम घेतली, ती खर्च केली, जमीन सोडून दिली. घेणाऱ्याने विहीर खोदली, कुंपण घातले. मग एक दिवस देणारा म्हणतो, माझी सही नाही, जमीन माझी. हा सरळ सरळ विश्वासघात आहे. ज्याने पैसे खाल्ले त्यालाच कायद्याने पाठीशी घालायचे आणि ज्याने घाम गाळून पैसे दिले त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायचे, याला न्याय म्हणायचा का?

उत्तरपक्ष : अन्याय झाला आहे, हे मीही म्हणतो. प्रश्न आहे तो त्या अन्यायावरचा उपाय कोणता याचा. मालकी आपोआप गेली असे मानणे हा एक उपाय, आणि देणाऱ्याला करार पाळायला लावणे हा दुसरा. कायद्याने दुसरा निवडला आहे. पैशाचेच घ्या. पूर्ण रक्कम दिली म्हणून मालकी येते असे असते, तर रक्कम बाकी राहिली की मालकी जायला नको होती. पण तसे होत नाही. विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खरेदीखत करतेवेळी सगळी किंमत चुकती झालीच पाहिजे असे नाही, कारण कलम ५४ मध्ये ‘कबूल केलेला’ मोबदलाही बसतो. दहिबेन खटल्याच्या २०२० च्या निकालातही तेच दिसते: खरेदीखत रीतसर झाले आणि किंमत थकली, तर देणाऱ्याने किमतीसाठी दावा करावा, तेवढ्यावरून खरेदीखत रद्द होत नाही. म्हणजे सही झाली आणि पैसे राहिले तरी मालकी जाऊ शकते; पैसे दिले आणि सही राहिली तर जात नाही. मालकीचा सांधा पैशावर नाही, मालकाने जाणूनबुजून केलेल्या हस्तांतरणाच्या कृतीवर आहे.

ताब्याचेही तसेच. कराराच्या आधारे ताबा घेतलेल्याला संरक्षण देणारे कलम ५३-अ १९२९ पासून कायद्यात आहे, आणि ते घेणाऱ्याच्या बाजूचेच आहे. पण त्याची पहिली अट अशी, की हस्तांतराचा करार देणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने सही केलेल्या लेखात असावा. मालकी न देणाऱ्या, केवळ ताबा राखणाऱ्या कलमाने जर सही मागितली, तर मालकी देणाऱ्या दस्ताला ती माफ कशी असेल? शिवाय २४ सप्टेंबर २००१ पासून असा करार नोंदणीकृत असल्याशिवाय ५३-अ चे संरक्षणही मिळत नाही. आणि मिळाले तरी ती ढाल आहे. तिच्या जोरावर मालकी मागता येत नाही. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून विक्री झाली असे दाखवण्याची पद्धत उत्तरेत, विशेषतः दिल्ली परिसरात, फोफावली होती. सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी जात नाही; ती नोंदणीकृत अभिहस्तांतरणानेच जाते. त्या कागदांवर निदान देणाऱ्याच्या सह्या होत्या. इथे तीही नाही.

पूर्वपक्ष : पण तोंडी करारही वैध असतो हे तुम्ही विसरता. भारतीय करार अधिनियम, १८७२ जमिनीच्या कराराला लेखाची सक्ती करत नाही. अलोका बोस विरुद्ध परमात्मा देवी या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकाच पक्षाच्या सहीचे विक्री-करारपत्र ग्राह्य धरले, आणि तोंडी करारही चालतो असे त्यातच म्हटले. एका बाजूच्या सहीचा कागद चालतो, सहीविना बोलणे चालते, मग सगळ्या अटी लिहिलेला माझा कागद का चालत नाही?

उत्तरपक्ष : हा तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, आणि तुमच्या हिताचा खरा रस्ता इथेच लपलेला आहे. पण आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. विकण्याचा करार आणि विक्री या कायद्याला दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कलम ५४ चा शेवट हेच सांगतो: विक्रीच्या कराराने, तो स्वतःहून, मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण होत नाही. तोंडी चालतो तो करार. मालकी तोंडी जात नाही. अलोका बोस निकालात सही एकाची होती हे खरे, पण ती कोणाची होती? विकणाऱ्याची. विकणाऱ्याने सही करून दिलेला आणि घेणाऱ्याने स्वीकारलेला करार घेणारा बजावून घेऊ शकतो, असे न्यायालय म्हणाले. सुरुवातीच्या आपल्या कागदावर सही आहे ती घेणाऱ्याची. घेणाऱ्याची सही त्याची तयारी दाखवते. देणाऱ्याची संमती दाखवत नाही.

तरीही तो कागद केराच्या टोपलीत टाकू नका. मालकीचा दस्त म्हणून नव्हे, पण करार झाला होता याचा पुरावा म्हणून त्याला किंमत आहे. मसुद्यात लिहिलेली रक्कम आणि बँकेतून गेलेली रक्कम जुळत असेल, देणाऱ्याने मसुद्याबद्दल मेसेज किंवा पत्र पाठवले असेल, मोजणीला तो हजर असेल, इसार पावतीवर त्याची सही असेल, तर या सगळ्यातून तोंडी करार सिद्ध होऊ शकतो. मात्र ओझे जड आहे. ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की तोंडी कराराचा आधार घेणाऱ्याने दोन्ही पक्षांचे मनोमीलन झाले होते आणि करार पक्का ठरला होता हे सिद्ध केले पाहिजे. लेखी दस्त होईपर्यंत आपण बांधील नाही, असेच दोघांच्या मनात असेल, तर करारही झालेला नसतो. नुसती बोलणी झालेली असतात. मसुदा हे करार झाल्याचे चिन्ह आहे की बोलणी चालू असल्याचे, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावर ठरते.

पूर्वपक्ष : ठीक. पण मालकाच्या सहीविना मालकी गेल्याची उदाहरणे कायद्यात डझनभर आहेत. ज्याला लिहिता येत नाही तो अंगठा उठवतो. परदेशात असलेला मुलगा मुखत्यारामार्फत दस्त करतो. कोर्टाच्या लिलावात देणेकऱ्याची सही कोण विचारतो? आणि आपल्या मुंबई-पुण्यातले मानीव अभिहस्तांतरण घ्या. सोसायटी होऊन वर्षे गेली तरी विकासक जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देत नाही. मग जिल्हा उपनिबंधक त्याच्या सहीविना एकतर्फी अभिहस्तांतरण करून देतात. धनदांडग्या विकासकाच्या सहीवाचून जर सोसायटीला मालकी मिळते, तर एका जमीनमालकाच्या सहीवाचून माझे का अडावे?

उत्तरपक्ष : यातले प्रत्येक उदाहरण तपासा, प्रत्येक ठिकाणी सहीच्या जागी कायद्याने दुसरे काही ठेवले आहे, जागा रिकामी सोडलेली नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ नुसार लिहिता न येणाऱ्याच्या बाबतीत सहीमध्ये त्याची खूणही येते. ही समज आपल्याकडे तर त्याहून जुनी आहे. मराठी कागदपत्रांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आढळते. अक्षर येत नाही म्हणून त्याची संमती गृहीत धरली गेली नाही. त्याची खूण घेतली गेली. मुखत्याराची सही ही मालकाने दिलेल्या अधिकाराखालची सही असते. कोर्टाच्या लिलावात मालकी कायद्याच्या बळावर जाते, आणि हुकूमनाम्याने होणाऱ्या हस्तांतरणाला १८८२ चा कायदा कलम २ मध्ये आधीच बाजूला ठेवतो. मानीव अभिहस्तांतरण मला मनापासून पटते. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ नुसार हस्तांतरण करून देणे हे विकासकाचे कर्तव्य आहे, आणि वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत ते पार पाडायचे आहे. तो टाळतो म्हणूनच २००८ साली कलम ११ मध्ये दुरुस्ती झाली. पण तिथेही काय होते? सोसायटी अर्ज करते, विकासकाला नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते, कागद तपासले जातात, आणि मग सक्षम प्राधिकारी प्रमाणपत्र देतो. सोसायटीने स्वतःच छापलेला, विकासकाच्या सहीचा रकाना कोरा असलेला दस्त कोणी खरेदीखत म्हणून मान्य करत नाही. सही नसेल तर कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने विचारपूर्वक घेतलेला निर्णय हवा.

खासगी खरेदीतही हीच सोय आहे. घेणाऱ्याने करारपूर्तीचा दावा जिंकला आणि देणारा तरीही दस्त करून देईना, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३४ प्रमाणे न्यायालय मसुदा मागवते, त्यावर हरकती ऐकते आणि मग न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देणाऱ्याच्या वतीने दस्तावर सही करतो. त्या सहीला देणाऱ्याच्या सहीइतकेच बळ असते. कोर्टाने हुकूमनामा दिला, देणारा हरला, सगळे ठरले. तरी कायदा म्हणत नाही की आता सहीची गरज नाही. तो सही करायला न्यायाधीशाला बसवतो. सही हा नुसता उपचार असता, तर एवढी तजवीज कशाला केली असती?

पूर्वपक्ष : आणि सातबारावर माझे नाव लागले असेल तर? फेरफार मंजूर झाला, घरपट्टी, वीजबिल माझ्या नावे येते. सरकारनेच मला मालक मानले ना?

उत्तरपक्ष : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या शब्दांतच तिची मर्यादा आहे. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. ती नोंद महसूल वसुलीसाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ज्या कागदाच्या आधारावर फेरफार झाला तोच अपुरा असेल, तर नोंद त्याच्यावर उभी राहू शकत नाही. नोंद लागली म्हणून बरीच माणसे निर्धास्त होतात, आणि त्याच निर्धास्तपणात दाव्याची मुदत निघून जाते.

पूर्वपक्ष : एक शेवटचा, आणि मला वाटते सगळ्यात खोल, आक्षेप. तुम्ही सहीला एवढे पवित्र मानता, पण सही फसवूनही घेतली जाते. कोऱ्या कागदावर घेतात, दारू पाजून घेतात, कर्जाचा कागद आहे असे सांगून खरेदीखतावर घेतात. उलट, माझ्या व्यवहारात फसवणूक काडीची नाही, फक्त सही नाही. खोट्या सहीचा कागद खरा आणि खऱ्या व्यवहाराचा कागद खोटा, असे तुमच्या नियमाने होते.

उत्तरपक्ष : तसे होत नाही, कारण सही आवश्यक असली तरी पुरेशी नाही. वीणा सिंग प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. सही माझी आहे असे कबूल केले म्हणजे दस्त करून दिल्याचे कबूल केले असे होत नाही; मजकूर समजून, त्याला संमती म्हणून सही झाली का हे पाहावे लागते. म्हणजे कायदा दोन्ही बाजूंनी पहारा ठेवतो: संमती नसलेली सही चालत नाही, आणि सही नसलेली संमती मालकी देऊ शकत नाही. याच तत्त्वातून एक सवलतही निघते. समजा, देणारा दुय्यम निबंधकासमोर स्वतः आला, कॅमेऱ्यासमोर त्याचा फोटो निघाला, यंत्रावर अंगठा उठला, दोघांनी त्याला ओळखले, दस्त करून दिल्याचे त्याने कबूल केले आणि त्या कबुलीच्या पानावर सही केली. मात्र मूळ दस्ताच्या शेवटच्या पानावरची सही घाईत राहून गेली. अशा वेळी ताठरपणा मला योग्य वाटत नाही. कृती मालकाची आहे आणि तिची खूण त्याच दस्ताला जोडलेली आहे. चूकदुरुस्ती पत्राने किंवा गरज पडली तर न्यायालयाकडून ती उणीव दूर करून घ्यावी. माझा आग्रह शाईच्या जागेसाठी नाही, मालकाच्या कृतीसाठी आहे.

ही कृती एवढी का जपायची, याचे उत्तर दस्त कसा बनतो त्यात आहे. मसुदा बहुतेक वेळा घेणाऱ्याचा वकील करतो. टंकलेखन, मुद्रांक, नोंदणीची वेळ, सगळे घेणारा जुळवतो. दस्तातली सगळी अक्षरे घेणारा लिहू शकतो; एक देणाऱ्याची सही सोडून. सहीची अट सैल केली की ज्याच्याकडे पैसा, वकील आणि चार साक्षीदार आहेत त्याला कोणाच्याही जमिनीचे खरेदीखत घरबसल्या तयार करता येईल. आणि मग मालकीच्या दाव्यात पुराव्याचे ओझे फिरेल: मी विकली नाही, हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला, विधवेला, सासरी गेलेल्या बहिणीला सिद्ध करत बसावे लागेल. बहिणीचे उदाहरण तर महाराष्ट्रात घरोघरी आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतःच सहदायाद झाली, आणि विनीता शर्मा प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा संभ्रम दूर केला. तरीही दस्तात बहिणीचे नाव टाइप करून तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवायची आणि भावांच्या सह्यांवर अख्खी जमीन विकली असे समजायचे, हे प्रकार होतात. मुंबई प्रांताच्या जुन्या परंपरेनुसार सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मोबदल्यासाठी विकता येतो; पण आपलाच. कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी कर्त्याने केलेली विक्री हा वेगळा विषय आहे. ती गरज सिद्ध होत नसेल, तर बहिणीची सही नसलेल्या दस्ताने बहिणीचा हिस्सा जात नाही. घेणाऱ्याला मिळतो तो भावांचा हिस्सा आणि वाटपाचा दावा. सहीचा नियम काढून टाका, म्हणजे पहिला घाव तिच्यावर पडेल.

सहीने काय बदलते, हे एका कल्पित प्रसंगात लख्ख दिसते. देणाऱ्याने सोमवारी खरेदीखतावर सही केली आणि मंगळवारी नोंदणीआधी तो वारला. घेणारा हक्क सांगणारा म्हणून स्वतः दस्त सादर करू शकतो. सहीच्या तारखेपासून चार महिने त्याच्या हाती आहेत, आणि पुढे दंड भरून आणखी चार. वारसांनी कबूल केले तर नोंदणी होते. नाकारले तर जिल्हा निबंधकाकडे चौकशी मागता येते आणि तिथेही नकार मिळाला तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ७७ खाली दिवाणी दावा करता येतो. नोंदणी झाली की त्याच अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे दस्ताचा अंमल सोमवारपासून धरला जातो. आता तोच माणूस सही न करता रविवारी वारला असे समजा. मसुदा तोच, रक्कम तीच. पण नोंदणीसाठी सादर करण्यासारखे काहीच नाही. उरतो फक्त करार, आणि तो वारसांविरुद्ध बजावून घेण्यासाठी न्यायालय.

म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने माझे सांगणे हे. सही नसलेला दस्त घेऊन मालकी सांगत फिरू नका. त्याने हातातला खरा हक्कही निसटतो. रक्कम देण्याआधी नोंदणीकृत साठेखत करा, म्हणजे देणाऱ्याची सही आणि अटी दोन्ही पक्क्या होतील. देणारा टाळाटाळ करू लागला की वकिलामार्फत नोटीस द्या आणि आपण करार पुरा करायला तयार आहोत हे कृतीने दाखवत राहा. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम १६ ही तयारी मागते. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे दाव्याला तीन वर्षे आहेत. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर देणाऱ्याचा नकार कळल्यापासून ती मोजायची. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणे हे न्यायालयाच्या मर्जीवर पूर्वीइतके सोडलेले नाही. त्याच दाव्यात पर्याय म्हणून दिलेली रक्कम परत मागा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, ताबा घ्यायला तुम्ही विनाकारण नकार दिला नसेल तर, दिलेल्या किमतीचा मिळकतीवर बोजाही राहतो. मिळकत बृहन्मुंबईत असेल तर प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्या. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे तिथे नोंदवलेल्या नोटिशीशिवाय, दावा चालू असताना झालेल्या विक्रीपासून त्याच अधिनियमाच्या कलम ५२ चे संरक्षण मिळत नाही.

पूर्वपक्षाची एक तक्रार मात्र मी स्वीकारतो. कलम ५४ वाचणाऱ्या सामान्य माणसाला सहीची अट दिसत नाही. ती तीन कायद्यांत विखुरलेली आहे आणि ती जोडून दाखवायला वकील लागतो. १९०८ च्या कायद्याच्या जागी आणायच्या नव्या नोंदणी कायद्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केला, आणि त्याचा कल ऑनलाइन नोंदणीकडे आहे. उद्या सही शाईऐवजी इलेक्ट्रॉनिक होईल, कार्यालयात जावेही लागणार नाही. अशा वेळी तर मालकाची संमती कशाने दिसली पाहिजे, हे विक्रीच्या कलमातच लिहून ठेवणे अधिक गरजेचे आहे. गहाणखत आणि बक्षीसपत्राच्या कलमांत ते आहे. कलम ५४ मध्ये ‘हस्तांतर करणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने सही केलेल्या’ एवढे शब्द घातले तर घेणारा खोट्या भरवशावर पैसे गुंतवणार नाही आणि देणाऱ्याला पळवाटही मिळणार नाही. कायदा सही आजही मागतो. ती मागणी घेणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी वाचता आली पाहिजे.